तापते कधी, ते आधी सांगा

गाडी तापली की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. रेडिएटरमध्ये पाणी घाला, हा पहिला. वॉल काढून टाका, हा दुसरा. तिसरा सल्ला गाडी विकून टाकण्याचा, आणि तो बहुधा घरातूनच येतो. तिन्ही सल्ले देणाऱ्यांनी गाडीवाल्याला एकही प्रश्न विचारलेला नसतो.

मे महिन्यात आंबोलीचा घाट चढून बघावा. सावंतवाडी सुटली, दाणोली मागे पडली की रस्ता डोंगराला भिडतो आणि सुमारे 690 मीटर उंचीवरच्या आंबोलीपर्यंत गाडीला उसंत मिळत नाही. नव्या गाड्या काचा वर करून, एसी लावून निघून जातात. मागच्या चाकाला दगड लावून, बॉनेट उघडून वळणावर उभी असते ती एखादी पंचवीस-तीस वर्षांची जीप, टेम्पो, नाहीतर हौसेनं जपलेली जुनी मोटार. पावसाळ्यात पाणी शोधावं लागत नाही, रस्त्याकडेला धबधबेच असतात. उन्हाळ्यात सीटखालचा पाच लिटरचा कॅन हाच आधार. चालक हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे जातो. घाटातला सगळ्यात धोक्याचा क्षण तो; त्याबद्दल पुढे.

ज्या जीपमुळे या विषयाच्या मागे लागलो ती आजऱ्याकडच्या एका शेतकऱ्याची. डिझेल, नव्वदच्या दशकातली, हुड दोनदा बदललेलं. सावंतवाडीला उतरताना तांदूळ आणि गूळ, परत चढताना नारळ, असा तिचा जुना धंदा. ही जीप वर्षभर घाटात पाणी फेकत होती. एका गॅरेजनं झाकण बदललं. दुसऱ्यानं वॉल काढून टाकला. तिसऱ्यानं नवा वॉटर पंप बसवला. दर वेळी रिकाम्या गाडीनं बाजारपेठेत चक्कर मारून 'झालं काम' म्हणून किल्ली परत मिळाली, आणि दर वेळी पहिल्याच भरल्या खेपेला जीप पुन्हा उकळली. मालक आता तिसऱ्या सल्ल्यापर्यंत आले होते.

कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे बिडाच्या ओतकामाचा, लेथच्या खरखराटाचा आणि तेलकट बोटांनी धरलेल्या चहाच्या ग्लासांचा मुलूख. तिथल्या एका गल्लीत, पाटी नसलेल्या शेडमध्ये, जुन्या डिझेल इंजिनांचं काम करणारे एक साठी उलटलेले मिस्त्री बसतात. जीप दारात लागली तरी ते उठले नाहीत. मालकांना स्टूल दिलं आणि विचारलं :

"तापती कवा, ते सांगा आधी."

"कवा म्हंजे? तापतीच की."

"तसं न्हवं, पाव्हणं. सिग्नलला उभी असताना, हायवेला पळताना, का चढाला?"

"चढाला."

"भरलेली का रिकामी?"

"भरलेली. रिकामीला काटा वर जातोय, पर उकळत न्हाई."

"आणि उतरताना?"

"उतरताना गार. एकदम गार. काटा पार तळाला."

"मग वॉल काढलाय कुणीतरी," मिस्त्री म्हणाले. बॉनेट अजून उघडलेलं नव्हतं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. वॉल काढल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं.

या चौकशीत जादू नाही, हिशेब आहे. इंधन जळून जी ऊर्जा सुटते तिच्यातली ढोबळमानानं एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि उरलेल्यातली बरीचशी उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलून न्यावी लागते. सिलिंडरच्या आत ज्वाळेचं तापमान दोन हजार अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, म्हणजे पाण्यानं आपलं काम मिनिटभर जरी सोडलं तरी काय होईल ते उघड आहे. पाणी उष्णता उचलतं, पंप ते पाणी फिरवतो, रेडिएटरची जाळी ती उष्णता वाऱ्याला देते. ही साखळी कुठे तुटली हे गाडी 'कधी' तापते त्यावरून बरंचसं कळतं.

उभ्या गाडीत किंवा गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागल्यावर उतरतो, तर दोष वाऱ्याचा. पळत्या गाडीच्या जाळीतून वारा आपोआप जातो, उभ्या गाडीला तो पंख्यानं ओढावा लागतो. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नसे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं आणि पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. सिग्नलला इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. नेमका वाऱ्याची गरज सर्वात जास्त असते तेव्हाच तो सुस्त. ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून हटली. पुढच्या पिढीच्या गाड्यांत पंखा विजेचा झाला, इंजिनाच्या वेगाशी त्याचं नातं तुटलं, पण दोषांची नवी घरं तयार झाली : फ्यूज, रिले आणि पंखा चालू करणारा तापमानाचा स्विच. जुनी मारुती किंवा सँट्रो फक्त गर्दीत तापत असेल तर रेडिएटर उतरवण्याआधी पंखा फिरतो का, एवढं बघायला एक मिनिट लागतं.

उलट प्रकारात गाडी शहरात शहाणी असते आणि हायवेला ऐंशीच्या वर गेली की काटा सरकू लागतो. तिथे वारा भरपूर आहे, पाणी कमी पडतंय. जाळीच्या नळ्या निम्म्या बुजलेल्या असतात, पंपाची पाती गंजून झिजलेली असतात किंवा खालचा होज आत चिपकतो. पंप त्या होजमधून पाणी ओढतो. रबर मऊ पडलं असेल तर वेग वाढला की होजच्या भिंती एकमेकींना चिकटतात. गाडी उभी केली की होज पुन्हा गोल. गॅरेजमध्ये हा दोष कधीच दिसत नाही.

थंड इंजिन चालू केल्यापासून पाच-सात मिनिटांत उकळी आली तर एक तर पाणीच नाही, नाहीतर वॉल बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेडचं पॅकिंग गेलंय. आणि चढाला, भरल्या गाडीत तापणं हा सगळ्यात अवघड प्रकार. तिथे इंजिन जास्तीत जास्त उष्णता काढतं, गाडीचा वेग मात्र ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. साखळीतली प्रत्येक कडी तिथे पणाला लागते, म्हणून कुठलीही कमजोर कडी तिथे उघडी पडते. कधीकधी एकापेक्षा जास्त.

वॉलची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीनं केलंय. ज्याला गॅरेजमध्ये 'वॉल' म्हणतात तो थर्मोस्टॅट. आत मेणाची छोटी डबी असते. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. साधारण 82 अंशांना (काही इंजिनांत 88 ला) मेण पातळ होऊन फुगतं, दार उघडतं, पाणी रेडिएटरकडे वळतं. ज्या काळी रेडिएटरमध्ये विहिरीचं, नदीचं, मिळेल ते पाणी पडत होतं त्या काळी हा वॉल गंजून अडकायचा, आणि अडकला की घाटात इंजिन जायचं. खात्रीचा नवा वॉल तालुक्याच्या गावी मिळत नसे. अशा वेळी तो काढून टाकणारा मिस्त्री मूर्ख नव्हता. त्याच्यापुढच्या दोन वाईट पर्यायांतला कमी वाईट त्यानं निवडला. पण त्याच्या हाताखालच्या पोरानं कारण न विचारता ती कृती उचलली, आणि आज चांगला वॉल दोन दिवसांत घरपोच येत असतानाही 'आपल्या हवेत वॉलची गरजच नाही' हे वाक्य ठोकून दिलं जातं.

गरज आहे. वॉलशिवाय इंजिन सपाटीला आणि उताराला थंडच राहतं. इंधन नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतो, तेलात ओल साठते, रिंगा आणि बोअर लवकर झिजतात. आणि ज्या इंजिनांत वॉल उघडताना आतल्या फेऱ्याची बायपासची वाट बंद करतो, तिथे वॉल काढला की ती वाट कायमची उघडी राहते. तापलेलं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे तापू नये म्हणून वॉल काढायचा आणि त्यामुळेच गाडी तापायची. वॉल बरा आहे की नाही हे बघायला गॅरेजही लागत नाही. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकणार नाही असा सोडायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि गॅस पेटवायचा. ठरल्या अंशाला तोंड उघडलं आणि थंड झाल्यावर मिटलं, तर वॉल ठीक. घरातलं पातेलं मात्र नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

मिस्त्रींनी तपासणी सुरू केली ती काट्यापासून. काट्यावर विश्वास ठेवण्याआधी काटा खरं बोलतो का ते बघायचं. त्यांनी बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर रोखला आणि आकडा काट्याशी ताडून पाहिला. जुन्या गाड्यांत अर्थिंग खराब झालेलं असतं, कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा सेन्सर ठोकलेला असतो, आणि मग नसलेल्या तापासाठी रेडिएटर बदलले जातात. उलटही घडतं, आणि ते भयंकर. सेन्सरला पाण्यात बुडालेला असण्याची सवय. पाणीच निघून गेलं की तो नुसत्या वाफेत उघडा पडतो आणि वर चढलेला काटा अचानक खाली येतो. चालकाला वाटतं, सुटलो. इंजिन तोवर कोरडं भाजत असतं.

मग झाकण. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यातली स्प्रिंग पाण्यावर दाब धरते आणि दाबाखालचं पाणी उशिरा उकळतं. सात पौंडांच्या झाकणाखाली ते 111 अंशांच्या आसपास, तेरा पौंडांच्या झाकणाखाली 118-119 अंशांना. झाकणाचं रबर कडक झालं किंवा दुकानदारानं 'बसतंय ना' म्हणून कमी पौंडांचं दिलं, तर तेच इंजिन, तेच पाणी, पण उकळी कितीतरी आधी. त्यात घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी. आंबोलीत उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आतच उकळतं. जीपवर बसवलेलं नवं झाकण निघालं चार पौंडांचं.

पाणी उकळणं ही मोटारगाडीची जन्मखोडच म्हणायची. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला शंभरावर किलोमीटर गेल्या, तेव्हा त्या गाडीत पाणी उकळून उडून जाणं हीच थंड करण्याची पद्धत होती. वाटेत ठिकठिकाणी थांबून पाणी भरावं लागलं. विल्हेल्म मायबाखनं 1901 च्या मर्सिडीजसाठी 8,070 बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तिथून पाणी राखून ठेवणं बरंच सोपं झालं.

जीपकडे परत. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला तर बोटाच्या दोन पेरांएवढा आत गेला. अर्धा इंच जायला हवा. त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. सपाटीला असा पट्टा कसाबसा पंखा फिरवतो, जोर लागला की घसरतो. शिवाय पंख्याभोवती जे पत्र्याचं कडं असतं ते गाडीवर नव्हतंच. रेडिएटर उतरवताना ते आड येतं, म्हणून कुणीतरी काढलं आणि परत बसवायचा कंटाळा केला. ते कडं नसलं की पंखा जाळीतून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. ऐंशीच्या वेगात त्याचं अडत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, चढाला, उकळायला तेवढंच पुरतं.

"ह्ये कडं कुठंय?" मिस्त्रींनी विचारलं.

मालकांनी जरा आठवलं. "घरात हाय. कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय."

दुपारी पाणी सोडायचं ठरलं. रेडिएटरच्या खालच्या तोटीतून बऱ्यापैकी स्वच्छ, हिरवट पाणी आलं. पण मिस्त्री गाडीखाली सरकले आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूला असलेला छोटा नळ त्यांनी सोडवला. थेंबही नाही. नळ पूर्ण काढला तरी नाही. मग सायकलच्या चाकाची तार आत घालून ते ढोसत राहिले. आधी गेरूसारखी लाल पूड पडली, मग घट्ट चिखल, आणि मग एकदम पिचकारी उडाली ती त्यांच्या कोपरापर्यंत. पत्र्याच्या तसराळ्यात जमलेला गाळ त्यांनी बोटांत चोळून दाखवला. बीड गंजून सुटलेले कण, बोअरच्या पाण्याचे क्षार आणि मागे कुणीतरी गळती थांबवायला टाकलेली पावडर. हा गाळ पाण्याची गती कमी होते तिथे बसतो, बहुधा पंपापासून लांब असलेल्या मागच्या सिलिंडरभोवती. वर्षभरात जीपचं इतकं काम झालं, नवा पंपसुद्धा पडला, पण हा नळ कुणी उघडला नव्हता. तिथे पोचायला जमिनीवर आडवं व्हावं लागतं.

ब्लॉक उलट्या दिशेनं, पाण्याचा जोर लावून धुतला आणि रेडिएटर शेजारच्या गल्लीत गेला. तिथे एक गृहस्थ फक्त रेडिएटरच करतात. गॅसच्या ज्योतीनं वरच्या टाकीचा कथलाचा डाग सोडवून त्यांनी टाकी उचलली, तेव्हा नळ्यांची तोंडं दिसली. चपट्या, आगपेटीच्या काडीहूनही अरुंद फटी. मधल्या बऱ्याचशा पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या. क्षाराचा थर पातळ असला तरी उष्णता अडवण्यात पटाईत. तांब्याच्या तुलनेत तो उष्णता शेकडो पटींनी कमी वाहतो. गृहस्थांनी पोलादाची लवचीक पट्टी घेतली आणि एकेक नळीत वरून खालपर्यंत सारायला सुरुवात केली. पट्टी अडली की जोर करायचा नाही, मागे घ्यायची, अंश बदलून परत सारायची. जोर केला की तांब्याची नळी फाटते. पट्टी पार झाली की खाली पांढरा भुगा पडे. याला म्हणतात रॉड मारणं. बाहेरून जाळीत अडकलेलं पाचट, भुसा आणि किडे त्यांनी इंजिनाच्या बाजूनं पुढे हवा मारून काढले. पुढून मारली तर ते आणखी आत बसतात.

भिंतीला उभे केलेले दुसरे रेडिएटर मी बघत होतो. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या, कडा वळवून बसवलेल्या. त्यांना डाग देता येत नाही, रॉडही मारता येत नाही. गेला की नवा. ते हलके असतात, स्वस्त असतात आणि उष्णताही चांगली सोडतात, त्यामुळे त्यांच्या नावानं रडण्यात अर्थ नाही. पण तांब्या-पितळेचे जुने रेडिएटर मोडीच्या भावात जातात आणि त्यांच्याबरोबर हे कामही. या दुकानात शिकाऊ पोरगा नव्हता.

नवा पट्टा, योग्य पौंडांचं झाकण, पातेल्यात तपासलेला नवा वॉल, खुराड्यावरून परत आलेलं कडं, धुतलेला ब्लॉक, रॉड मारलेली जाळी. एवढं झाल्यावर जीप नारळ भरून आंबोलीला चढवली. मिस्त्री स्वतः बरोबर होते. जुन्या उकळीच्या वळणाच्या पुढे गाडी सहज गेली. घाटाच्या वरच्या टप्प्यात मात्र काटा पुन्हा सरकू लागला आणि बाजूच्या बाटलीत पाणी चढलं. उकळलं नाही. पण चढायलाही नको होतं.

इथे एखाद्यानं 'आता ठीक आहे' म्हणून गाडी दिली असती. मिस्त्रींनी रात्रभर जीप आपल्या शेडमध्ये ठेवून घेतली. सकाळी इंजिन दगडासारखं गार असताना त्यांनी वरचा होज दाबला आणि मला दाबायला लावला. कडक. रात्रभर गार झालेल्या पाण्याचा दाब उतरायला हवा, होज मऊ पडायला हवा. तो कडक राहिला याचा अर्थ पाण्यात वाफ नव्हती, गॅस कोंडला होता. सिलिंडरमधला धूर कुठूनतरी पाण्यात शिरत होता.

आदल्या दिवशी शेडमध्ये, भार नसताना, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले नव्हते. आता त्यांनी निळ्या द्रवाची काचनळी तोंडावर बसवली. धुरातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की या द्रवाचा रंग बदलतो. मागची चाकं अडकवून, गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडून इंजिनावर भार टाकला. (हे घरी करू नये.) निळा रंग हळूहळू ओसरला.

"हेड उतरव," मिस्त्री हाताखालच्या पोराला म्हणाले. मालकांना त्यांनी समजावलं ते साधारण असं : पॅकिंग आधी गेलं म्हणून गाडी तापली, का गाडी तापत राहिली म्हणून पॅकिंग गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. माझा अंदाज दुसऱ्या शक्यतेचा. वर्षभर उकळलेलं हेड सरळ राहत नाही.

हेड निघालं. पॅकिंगवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, पाण्याच्या भोकाकडे जाणारी काळी रेघ होती. केसाएवढी. हेड उलटं ठेवून पुसून त्यावर पोलादी सरळपट्टी आडवी धरली आणि खालून फिलर गेजची पानं सारून पाहिली. पाच शतांश मिलिमीटरचं पान आत गेलं तर बहुतेक हेडं नापास. इथे पंधराचंही सरकलं. हेड दोन गल्ल्या पलीकडे फेस मारायला गेलं. मशिनवाल्याला ताकीद एकच : वाक जाण्यापुरतंच काढ. डिझेल इंजिनात पिस्टन हेडच्या इतक्या जवळ येतो की जास्त काढलं तर व्हॉल्व्हच्या जिवाशी खेळ. म्हणूनच अशा बऱ्याच इंजिनांची पॅकिंगं वेगवेगळ्या जाडीची मिळतात आणि कडेच्या खाचांवरून ती ओळखता येतात. बसवताना बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमानं, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. 'हाताच्या अंदाजानं' हेड आवळणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्यांचा अंदाज अनेकदा बरोबरही असतो, पण सगळे बोल्ट सारखे आवळले गेले का, हे हाताला कळत नाही.

हेड मशिनवाल्याकडे असतानाच मिस्त्रींनी पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवली. एक जड. ब्रेक धरून राहत होता, म्हणजे घाटात जीप नारळांबरोबर स्वतःचा ब्रेकही ओढत होती. डिझेल पंपाचं टायमिंगही बघितलं, ते बरोबर निघालं. पेट्रोल गाडी असती तर इथे डेल्कोकडे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे, मोर्चा वळला असता. ठिणगी उशिरा पडली की ज्वाळा बाहेर जाताजाता जळते आणि हेड भाजून काढते. कार्बोरेटरचा जेट चोंदून मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तरी तोच परिणाम. पाण्याच्या वाटेत सगळं ठीक असून जुनी फियाट तापत असेल तर कारण बहुधा इथे सापडतं.

आता वळणावरच्या त्या फडकं गुंडाळलेल्या हाताबद्दल. काटा चढायला लागला की एसी असेल तर बंद करावा, हीटर असेल तर पूर्ण चालू करावा. मे महिन्यात हे क्रूर वाटेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. जागा मिळताच थांबावं. पाणी आहे आणि पंखा फिरतोय अशी खात्री असेल तर इंजिन रिकाम्या गतीवर थोडा वेळ चालू ठेवलेलं बरं. वाफ येत असेल, पाणी सांडलं असेल, काटा अचानक पडला असेल तर ताबडतोब बंद. आणि झाकणाला हात नाही. आतलं पाणी शंभराच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण फिरवलं की ते सगळं एका क्षणात वाफ होऊन वर येतं, थेट चेहऱ्यावर. फडकं वाफेला अडवत नाही. अर्धा-पाऊण तास थांबावं, होज दाबून मऊ लागला की मगच झाकण उघडावं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, बीड तडकतं. तेलाची पट्टीही काढून बघावी. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी तेलात गेलंय आणि गाडी पुढे न्यायची ती ओढूनच.

जीपमध्ये शेवटी भरलं ते निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. मालकांना नुसतं कूलंट हवं होतं, पैसे गेले तरी चालतील. मिस्त्रींनी नकार दिला. निखळ ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहू शकत नाही, त्याचं काम उत्कलनबिंदू चढवणं आणि त्यातल्या रसायनांचं काम गंज थोपवणं. उष्णता वाहायची ती पाण्यानंच. पाणी भरताना पुढची चाकं दोन फळ्यांवर चढवली होती, म्हणजे आत अडकलेली हवा रेडिएटरच्या तोंडाकडे येते. हवेचा फुगा हेडमध्ये राहिला तर इतकं करूनही पहिल्याच चढाला काटा वर.

नारळांच्या पुढच्या खेपा जीपनं न उकळता केल्या. काटा घाटात मधल्या रेघेच्या थोडा वर जातो आणि आंबोलीच्या बाजारात उतरतो. घाट उतरताना आता तळाला जात नाही. मालकांचा अलीकडे पुन्हा फोन आला, तो वेगळ्या तक्रारीचा. पूर्वी कोरडा असलेला खालचा होज क्लिपपाशी झिरपतोय आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातूनही थेंब पडताहेत. मिस्त्रींना हे अपेक्षितच होतं. चार पौंडांच्या जागी पूर्ण दाब आला की इतके दिवस दबलेल्या जुन्या जागा गळू लागतात. होज तर जुनाच आहे. पंप नवा होता, पण त्या भोकातून थेंब आला म्हणजे आतलं सील गेलं, पंप उतरवावा लागणार. दोन्ही कामं एकाच दिवशी होतील, त्यांनी कळवलं, फक्त येताना कूलंटचा डबा घेऊन या आणि गाडी रात्रीच आणून लावा, सकाळी गार पाहिजे.